तलावाला सिमेंटचा काठ कशाला पाहिजे?

रिसोडकर मंडळी, पोस्ट लांब आहे, पण वाचा.

दसरा झाला की आपल्या ग्रुपवर एक मागणी हमखास येते: तलावाचं सुशोभीकरण करा. उभी दगडी भिंत, पेव्हर ब्लॉक, रंगीत लाइट, कारंजं, सेल्फी पॉइंट. सोबत मोठ्या शहरांचे फोटो. माझा या मागणीला विरोध आहे. मी रोज फिरायला जाणाऱ्यांपैकीच आहे, म्हणूनच आहे.

आत्ता काठावर काय चाललंय ते बघा. पाऊस थांबलाय, पाणी रोज थोडं मागं सरकतंय आणि ओला चिखल उघडा पडतोय. आपल्याला ती घाण दिसते. हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून आलेल्या धोबी पक्ष्याला ते वाढलेलं ताट दिसतं. शेपटी वरखाली करत तो तिथले किडे टिपतो, शेजारी तुतारीचंही तेच चालू असतं. थंडी वाढली की आपल्या भागातल्या तलावांवर थापट्या बदकं येतात, लडाख-तिबेटात पिल्लं काढणारा चक्रवाक येतो. थापट्या काही खोल बुडी मारणारा नाही, उथळ पाण्यात चोच फिरवून पोट भरतो. तिथं सरळ उभी भिंत बांधली की उतार गेला, उतारासोबत चिखल गेला आणि उथळ पाणीही गेलं. मग फक्त भरलेला हौद राहतो. हौदात कोण येतं?

"पण डास होतात ना भाऊ!" होतात. मात्र ते जास्त होतात तुंबलेल्या गटारात, टायरमध्ये, कुलरच्या टाकीत. तलावाच्या गवतात मासे असतात आणि चतुराची पिल्लं असतात, ती डासांच्या अळ्या खातात. काठचं सगळं गवत छाटलं तर चतुर अंडी घालणार कुठं? ऑक्टोबरमध्ये डोक्यावर थव्यानं फिरणारा पिवळसर चतुर तर वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतो आणि पूर्व आफ्रिका गाठतो, असं अभ्यासक मांडतात. बोटाएवढा जीव! आपण त्याला हेलिकॉप्टर म्हणून दोरा बांधत होतो.

आता दुसरी बाजू. हिरवं दिसतं ते सगळं ठेवा, असं मी म्हणत नाही. बेशरम आणि जलपर्णी मुळासकट काढा, दोन्ही दक्षिण अमेरिकेकडून आलेल्या. गाजर गवताबद्दल तर बोलायलाच नको. पण त्याच दणक्यात जेसीबीवाला पाणकणीस, कासाचे पांढरे तुरे आणि सुगरणीचे खोपे लटकलेली बाभूळही साफ करतो. वर तिथं कोनोकार्पस लावायचा. गुजरातनं 2023 मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, आणि आपण पैसे मोजून रोपं आणायची!

बायकांना संध्याकाळी फिरताना उजेड हवा, ही मागणी अगदी रास्त आहे. तो पायवाटेवर द्या, दिव्याचं तोंड खाली ठेवा. पाण्यावर रात्रभर फोकस मारून कोणाची सोय होते?

कायद्याच्या भरवशावरही राहू नका. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांनी पिण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. पक्ष्यांना मात्र हा फरक कळत नाही. मारुती चितमपल्लींनी ज्या नवेगाव बांधवर आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली, तो तलावही माणसांनीच बांधलेला आहे.

चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर, सलीम अलींचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमधले दिवस 2020 पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरे होतात. शाळेत भाषण आणि चित्रकला स्पर्धा, आणि त्याच आठवड्यात काठावर जेसीबी, हे चालणार नाही.

गाळ काढायचाय? मे महिन्यात काढा. तोवर पाहुणे परतलेले असतात, पाणीही कमी असतं, शिवाय शेतकरी गाळ आनंदानं नेतात. पायवाट करायची तर मुरमाची करा, पाण्यापासून दहा-पंधरा पावलं लांब. एका बाजूचा काठ तरी मातीचा आणि उताराचा राहू द्या. नगरसेवक, ठेकेदार, ग्रुपचे ॲडमिन, ज्यांना हे पटत नसेल त्यांनी खाली कमेंटमध्ये कारण लिहा. इस्टिमेट मंजूर झाल्यावर मग बोलून उपयोग नाही.