हसवणारे प्रेत आणि न हसणारे नट

कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारों’ला (१९८३) आज सगळेच अभिजात म्हणतात. तरीही तीन आक्षेप अजून कानावर येतात. एक, उत्तरार्ध म्हणजे निव्वळ धिंगाणा, कथेला ना शेंडा ना बुडखा. दोन, शेवटाकडचा महाभारताच्या नाटकातला प्रवेश वगळला तर अभिनय यथातथाच, आणि भक्ती बर्वे तर वायाच घालवल्या. तीन, हे सगळे मुंबईचे रडगाणे; कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात कुळगीसारख्या रानातल्या गावाला चित्रपटात कोसळणाऱ्या उड्डाणपुलाचे काय सोयरसुतक?

धिंगाण्याचे आधी पाहू. विनोद (नसीरुद्दीन शाह) आणि सुधीर (रवी बासवानी) हे दोन भोळे फोटोग्राफर बागेत काढलेला एक फोटो मोठा करत जातात आणि त्यात त्यांना खून दिसतो. अँटोनिओनीच्या ‘ब्लो-अप’ला (१९६६) केलेला हा सलाम आहे, बागेचे नावही अँटोनिओनी पार्कच. मेलेला माणूस महापालिका आयुक्त डिमेलो, मारणारा बिल्डर तरनेजा. पुढची सगळी पळापळ डिमेलोच्या प्रेतासाठी आहे, कारण ते प्रेत हाच पुरावा. पुरावा कुणाला दाखवायचा आहे, कुणाला दडपायचा आहे, तर कुणाला विकायचा आहे. ज्या धावपळीत धावणाऱ्या प्रत्येकाचा स्वार्थ स्पष्ट दिसतो, तिला धिंगाणा म्हणत नाहीत. तिला रचना म्हणतात.

आता अभिनय. विनोदी नटाने आपण विनोदी आहोत हे विसरायचे असते, आणि इथे सगळे ते विसरले आहेत. ओम पुरींचा बिल्डर आहुजा दारूच्या तारेत शवपेटीला मोटार समजतो आणि आतल्या ‘ड्रायव्हर’ला मनापासून मदत देऊ करतो. त्यात नटाची एकही नजर प्रेक्षकाकडे वळत नाही. पंकज कपूर तरनेजाला खलनायकी हास्य देत नाहीत, व्यापाऱ्याची सभ्यता देतात. डिमेलो झालेले सतीश शाह अर्धा चित्रपट मृत आहेत. महाभारताच्या प्रवेशात द्रौपदीच्या लुगड्यातही त्यांचा देह ओझ्यासारखाच राहतो, म्हणून तर भोवतीच्यांची तारांबळ खरी वाटते. रवी बासवानींना फिल्मफेअरने सर्वोत्कृष्ट विनोदी अभिनेत्याचा मान दिला, तो नसीरुद्दीन शाह शेजारी उभे असताना.

आणि भक्ती बर्वे? पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’तली मंजुळा गाजवलेल्या या अभिनेत्रीने इथे आवाज मुद्दाम आवरला आहे. मुंबई दूरदर्शनवर त्यांनी बातम्याही दिल्या होत्या. लोकांनी ज्या स्वरावर विश्वास ठेवला, त्याच स्वरात ‘खबरदार’ची संपादिका शोभा सेन आधी सत्याची भाषा बोलते आणि पुढे त्याच फोटोंचा सौदा करते. स्वर बदलत नाही, चेहरा बदलत नाही. खलनायिकेचे कोणतेही चिन्ह न दाखवता प्रेक्षकाला फसवणे याला वाया जाणे म्हणायचे असेल, तर वाया न जाणे म्हणजे काय ते आक्षेपकांनी सांगावे.

राहिला मुंबईचा मुद्दा. हा चित्रपट मुंबईच्या मातीतला आहे, हे मान्यच. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर अंतुल्यांनी जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडले, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पण प्रश्न फक्त मुंबईचा नाही. पूल कुणासाठी, पैसा कुणाला आणि पूल कोसळल्यावर तुरुंगात कोण, एवढेच चित्रपट विचारतो. कुळगीच्याच तालुक्यात पाहा: काळी नदीवरच्या धरणात जुने सुपे गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. विकासाचा नकाशा एकीकडे काढला जातो आणि त्याची किंमत दुसरीकडे मोजली जाते, हे या तालुक्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. कुळगीच्या प्रेक्षकाला हा चित्रपट परका वाटायचे काही कारण नाही.

शेवटी दोन निरपराध फोटोग्राफर कैद्याच्या कपड्यांत गेटवेपाशी येतात आणि कॅमेऱ्याकडे पाहून गळा कापल्याची खूण करतात. सात लाखांच्या आसपास खर्चात, एनएफडीसीच्या पैशाने म्हणजे सरकारच्याच पैशाने, व्यवस्थेविरुद्ध इतका कडवट शेवट करणाऱ्यांना हसवण्याचा अधिकार पुरेपूर होता.

तेव्हा आक्षेपकांना एकच विनंती. हा चित्रपट पुन्हा पाहा, महाभारताची वाट न पाहता फक्त शोभा सेनवर नजर ठेवा, आणि मग ‘वाया गेल्या’ हे शब्द पुन्हा उच्चारून दाखवा.