पालुपद

मागच्या महिन्यात १९९४ च्या दहावीच्या तुकडीने स्नेहमेळावा घेतला. सगळे आता पंचेचाळिशी ओलांडलेले. कुणी साखर कारखान्यात, कुणी पुण्याला, कुणी घरची शेती बघणारे. बारामतीच्या एका मंगल कार्यालयात प्रास्ताविक चाललं होतं, आणि उशिरा आलेल्या एकाने दारातून डोकं आत घालून विचारलं, "धनंजय माने इथेच राहतात का?"

झालं! प्रास्ताविक राहिलं बाजूला. सगळं कार्यालय हसून लोटपोट. मीसुद्धा.

घरी आल्यावर मात्र विचार करत बसले. (मास्तरकीची खोड, दुसरं काय!) 'अशी ही बनवाबनवी' आला १९८८ साली. इतकी वर्षं झाली, पण या वाक्यात विनोद नेमका आहे तरी कुठे? कुणीतरी दारात येऊन चौकशी करतं, एवढंच. व्याकरणाच्या तासाला दिलं तर मुलं 'प्रश्नार्थी वाक्य' असं लिहून मोकळी होतील. एरवी विनोद दुसऱ्यांदा ऐकला की शिळा होतो. हे वाक्य मात्र लोणच्यासारखं मुरत गेलं. मला वाटतं, हसू त्या वाक्याचं नसतंच. 'हे तुलाही माहीत आहे आणि मलाही' याचं ते हसू असतं. कीर्तनात पालुपद आलं की मागे बसलेली म्हातारीसुद्धा सूर धरते, तसंच हे. म्हणून मी अशा वाक्यांना पालुपदच म्हणते. मुलं 'पेटंट डायलॉग' म्हणतात.

हे काही आपल्याकडेच आहे असं नाही. २०१५ साली मुलीकडे इंग्लंडला तीन महिने राहिले होते. माझं शिक्षण मराठी माध्यमातून, त्यामुळे तिकडचं भराभर बोललेलं इंग्रजी अर्धंअधिक डोक्यावरून जायचं. पण 'डॅड्स आर्मी' ही त्यांची जुनी मालिका पुन्हा दाखवतात, ती मी आवडीने बघायचे. मूळ मालिका १९६८ ते १९७७ ची. दुसऱ्या महायुद्धात गावच्या रक्षणासाठी उभी केलेली म्हाताऱ्याकोताऱ्यांची पलटण. त्यात जोन्स नावाचा एक खाटीक आहे. जरा काही खुट्ट झालं की तो "डोन्ट पॅनिक! डोन्ट पॅनिक!" म्हणत स्वतःच सैरावैरा धावत सुटतो. तिसऱ्या भागापासून मला बाकी काही कळो न कळो, जोन्स आता ओरडणार हे आधीच कळायचं, आणि जावयाच्या बरोबरीने मी हसायचे. परक्या भाषेत आपल्याला पाटावर बसवून घेतलं की काय वाटतं, ते तेव्हा कळलं.

पण त्याच मालिकेत आणखी एक पालुपद आहे. पलटणीचा कॅप्टन मेनवेअरिंग, पाइक नावाच्या पोरगेल्या सैनिकाला दर थोड्या वेळाने म्हणतो, "स्टुपिड बॉय!" त्यालाही मी हसलेच. पाइकची भूमिका करणारे इयन लॅव्हेंडर २०२४ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्याविषयीच्या बातम्यांत हे दोन शब्द पुन्हा निघाले. गंमत बघा, हे शब्द त्यांनी स्वतः कधी उच्चारलेले नव्हते. ते त्यांना उद्देशून दुसरा म्हणायचा. तरी आयुष्यभर चिकटले त्यांनाच.

तर पालुपदांच्या या दोन जाती. एकीत हसू म्हणणाऱ्यावर येतं. दादा कोंडके थोराड शरीराने "आये!" अशी हाक मारायचे, तेव्हा आपण हसायचो ते दादांनाच. 'धूमधडाका'मध्ये (१९८५) अशोक सराफ खोटे श्रीमंत होऊन पाइप ओढतात आणि ठसका लागून "व्याख्या विख्खी वुख्खू" करतात, तेव्हा फजिती त्यांचीच होते. महेश कोठारेंचं "डॅम इट!" म्हणजे स्वतःच्याच नशिबाला घातलेली शिवी. ही पालुपदं पोरांनी वर्गात म्हटली तरी कुणाला लागत नाहीत. दुसऱ्या जातीचं पालुपद कुणावर तरी फेकावं लागतं. त्याशिवाय ते म्हणताच येत नाही.

"बाई, वाड्यावर या" हे त्या दुसऱ्या जातीचं.

निळू फुले यांच्या नावावर हे वाक्य महाराष्ट्रभर चालतं. मी त्यांचे सिनेमे जत्रेतल्या तंबूत पाहिले, बारामतीला थेटरात पाहिले. पण हे वाक्य मी ऐकलं ते नकला करणाऱ्यांच्या तोंडून, गॅदरिंगमध्ये आणि ऑर्केस्ट्रात. पडद्यावरच्या त्यांच्या पाटलाने आमच्या आत्याला इतका राग यायचा की ती बसल्या जागी बोटं मोडायची. त्यांच्या अभिनयाची ती पावतीच. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलातला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात असलेला. उमेदीत पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला. 'सिंहासन'मधला (१९७९) त्यांचा पत्रकार दिगू ज्याने पाहिला, तो त्यांना नुसता वाड्यावरचा पाटील म्हणणार नाही. २००९ साली ते गेले. मागे उरलं मात्र हेच वाक्य.

आता माझी अडचण सांगते. शाळेत शिक्षिकेला 'बाई' म्हणतात. मी फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून खर्जात आवाज यायचा, "बाई..." आणि पुढचं वाक्य अर्धवट. वर्ग फिदीफिदी. पहिल्यांदा मी रागावले नाही, हसण्यावारी नेलं. 'बाईंना विनोद कळत नाही' असं व्हायला नको होतं ना! मग एके दिवशी दहावीतली एक मुलगी एस.टी. स्टँडवर थांबायचं सोडून माझ्याबरोबर चालत निघाली. दोनतीन दिवस असंच. कारण विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "बाई, ते तिथं वाड्यावर या म्हणतात." तेव्हा मला माझ्या हसण्याची लाज वाटली. वर्गात मी ते चालवून घेतलं होतं. स्टँडवर तिने कुणाच्या जिवावर तक्रार करायची?

'चला हवा येऊ द्या' २०१४ साली सुरू झालं, तेव्हा निलेश साबळे म्हणायचे, "हसताय ना? हसायलाच पाहिजे!" त्यांच्या तोंडी ते छानच वाटायचं. पण फेकलेल्या पालुपदाची जबरदस्ती हीच असते. ज्याला लागलं त्यानेही हसायलाच पाहिजे. नाही हसलं तर तोच रडका.

इथवर लिहून थांबले असते तर मी मोठी शहाणी ठरले असते. पण मेळाव्याची गोष्ट पुरी करायला हवी.

धनंजय माने येऊन बसले, त्यानंतर आणखी एक जण उशिरा आली. आणि सगळी तुकडी एका सुरात ओरडली, "आली आमची मालगाडी!"

हे पालुपद माझं. ती मुलगी रोज प्रार्थना झाल्यावर यायची आणि मी रोज हेच म्हणायचे. पुढे पुढे मी नुसतं "आली..." म्हणायचे आणि बाकीचं वर्ग म्हणायचा. मला वाटायचं, वर्ग कसा खेळीमेळीत आहे! मेळाव्यातही ती हसली, सगळ्यांबरोबर. जेवताना माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाई, म्हशीची धार काढून, डेअरीला दूध घालून यायचे मी. दहावीपर्यंत मला कुणी नावानं हाक मारली नाही." आवाजात राग नव्हता. पानात जिलबी वाढली तिने माझ्या. मला काही ती गोड लागली नाही.

पाच वर्षं मी तिला उशिराचं कारण विचारलं नव्हतं. पालुपद तयार असल्यावर विचारायची गरजच वाटत नाही.

पालुपदांवर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. त्यांच्याशिवाय मेळावे ओस पडतील. माझं म्हणणं एवढंच, की ते तोंडातून निघाल्यावर कुणावर जाऊन पडतं ते बघावं. आणि ज्याच्यावर पडतं तो हसला, म्हणजे त्याला लागलं नाही असं धरून चालू नये.

असो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल आणि माझं आणखी एखादं पालुपद आठवत असेल, तर जरूर कळवा. आणि भाच्यांनो, तुमच्या धाकट्याला तुम्ही 'ढोल्या' म्हणता, तेही जरा बघा.