अर्धकुक्कुटीन्याय आणि कोचाबांबाचें पाणी

संस्कृत शास्त्रग्रंथांत अर्धकुक्कुटीन्याय म्हणून एक दृष्टान्त येतो. कोंबडी बाळगणाऱ्या एका गृहस्थानें असा बेत केला कीं, तिचा अर्धा भाग शिजवून खावा आणि उरलेला अर्धा अंडीं देण्यासाठीं राखून ठेवावा. एखादी गोष्ट घ्यावयाची तर ती सगळी घ्यावी, सोयीचा भाग उचलून गैरसोयीचा टाकूं नये, एवढेंच शास्त्रकारांना यांतून सांगावयाचें असतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कोंबडी शिजत नसली, तरी दृष्टान्ताचें मर्म सर्वांस कळण्याजोगें आहे. आजचा विषय आंतरराष्ट्रीय करारांतील एका प्रकरणाचा असून तो दिसावयास रुक्ष आहे. परंतु त्याचा संबंध नळाच्या पाण्याशीं आणि विजेच्या बिलाशीं येतो, म्हणून गृहिणींनींही हें पान उलटून टाकूं नये अशी विनंती आहे.

दोन देश आपसांत मुक्त व्यापाराचा किंवा गुंतवणूक-संरक्षणाचा करार करतात, तेव्हां त्यांत पुष्कळदां पुढील तरतूद असते. एका देशाच्या कंपनीनें दुसऱ्या देशांत भांडवल घातलें आणि तेथील सरकारच्या एखाद्या कायद्यानें वा निर्णयानें करारांतील संरक्षणाचा भंग झाला असें तिला वाटलें, तर तिला आंतरराष्ट्रीय लवादाकडे थेट दावा लावतां येतो. लवादांत बहुधा तीन पंच असतात. एक कंपनी नेमते, दुसरा सरकार नेमतें, आणि तिसरा उभयतांच्या संमतीनें अथवा ठरलेल्या अधिकाऱ्याकडून नेमला जातो. पंचांनीं ठरविलेली भरपाई त्या देशाच्या खजिन्यांतून, म्हणजे करदात्यांच्या खिशांतून, द्यावी लागते. आणि सामान्य न्यायालयांत असतें तसें अपील येथें नसतें. ह्या कामासाठीं जागतिक बँकेच्या छत्राखालीं एक केंद्र १९६५ च्या वॉशिंग्टन येथील करारान्वयें निर्माण झालें. भारत त्याचा सभासद नाहीं. परंतु अशा तंट्यांसाठीं दुसऱ्याही नियमावली आहेत आणि त्यांखालीं भारतावर दावे झालेले आहेत.

ह्या व्यवस्थेच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें प्रथम ऐकून घेणें न्यायाचें होय. परक्या मुलखांत भांडवल घालणाऱ्यास भीति असते कीं, उद्यां राज्यकर्ते बदलले तर आपली मालमत्ता जप्त होईल आणि तेथील न्यायाधीश स्वकीयांचीच बाजू घेतील. ही भीति अगदींच निराधार नाहीं. व्हाइट इंडस्ट्रीज नांवाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीला कोल इंडियाविरुद्ध मिळालेल्या एका निवाड्याची अंमलबजावणी आमच्या न्यायालयांत नऊ वर्षांहून अधिक काळ रखडली. शेवटीं २०११ सालीं आंतरराष्ट्रीय पंचांनीं त्या दिरंगाईबद्दल भारतावर भरपाई बसविली. आमच्या कोर्टांची चाल ज्याला ठाऊक आहे, तो ह्या निष्कर्षाशीं फारसा वाद घालणार नाहीं. पण त्याच कोर्टांत वडिलार्जित जमिनीच्या तंट्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या खेटे घालणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला दुसरा दरवाजा कोठें आहे? न्यायालय मंद असेल तर तें सर्वांसाठीं सुधारावें, हा एक मार्ग. आणि श्रीमंत पाहुण्यासाठीं निराळें न्यायालय उघडावें, हा दुसरा. करारांनीं दुसरा मार्ग धरला. त्याचा परिणाम पाहण्यासाठीं दक्षिण अमेरिकेंत जाऊं या.

बोलिव्हिया देशांत, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटर उंचीवर, कोचाबांबा नांवाचें शहर आहे. तेथें पाण्याचा दुष्काळ जुनाच. १९९९ सालीं बोलिव्हियाच्या सरकारनें ह्या शहराच्या पाणीपुरवठ्याचा चाळीस वर्षांचा मक्ता आग्वास देल तुनारी नांवाच्या कंपनीस दिला. बोली लावणारी तीच एकटी होती. तिच्या मागें मुख्य भांडवल होतें तें अमेरिकेंतील बेक्टेल कंपनीचें. बरोबर इटलीचे, स्पेनचे व स्थानिक भागीदारही होते. मक्त्यांत भांडवलावर दरसाल सुमारे १५ ते १७ टक्के परताव्याची हमी होती. त्याच सुमारास झालेल्या नव्या कायद्यामुळें, वस्त्यांवस्त्यांतून लोकांनीं स्वतःच्या श्रमानें खणलेल्या विहिरींवरही मक्तेदाराचा हक्क लागूं होईल अशी धास्ती पसरली. जानेवारी २००० मध्यें नवीं बिलें आलीं, तीं कित्येक घरांत पूर्वीच्या दुप्पट होतीं. गवंडी, शिवणकाम करणाऱ्या बायका, शेतकरी, कारखान्यांतील कामगार असे सर्व थरांतील लोक रस्त्यावर आले. मार्चमध्यें त्यांनीं स्वतःच मतदान घेतलें. सुमारे पन्नास हजार लोकांनीं मत दिलें आणि बहुतेक सर्व मतें मक्त्याच्या विरुद्ध पडलीं. सरकारनें तें मानलें नाहीं. एप्रिलमध्यें शहर बंद पडलें, आणीबाणी पुकारली गेली, आणि गोळीबारांत सतरा वर्षांचा एक मुलगा मारला गेला. १० एप्रिल रोजीं सरकार नमलें व कंपनी गांव सोडून गेली.

एवढ्यावर गोष्ट संपावयास हवी होती. परंतु नोव्हेंबर २००१ मध्यें कंपनीनें वर सांगितलेल्या केंद्राकडे बोलिव्हियावर दावा लावला. मागणी अडीच कोटी डॉलरांच्या वर असल्याचें प्रसिद्ध झालें. आतां कंपनी मुळांत अमेरिकन, आणि दावा मात्र नेदरलंड्स व बोलिव्हिया यांच्यांतील १९९२ च्या कराराखालीं! १९९९ च्या अखेरीस, म्हणजे मक्ता मिळाल्यानंतर, मालकीच्या साखळींत डच कंपन्या घालण्यांत आल्या होत्या, आणि तेवढ्या आधारावर हें डच नागरिकत्व सिद्ध झालें. बोलिव्हियानें हरकत घेतली; ऑक्टोबर २००५ मध्यें पंचांनीं ती बहुमतानें फेटाळली.

ह्याहून महत्त्वाची घटना मध्यंतरीं घडली. ऑगस्ट २००२ मध्यें कोचाबांबाच्या नागरिकांनीं व संघटनांनीं लवादाकडे अर्ज केला, कीं ज्या पाण्याबद्दल हा खटला आहे तें आमचें आहे. आम्हांला बाजू मांडूं द्यावी, सुनावणी उघड्यावर व्हावी, कागदपत्रें प्रसिद्ध व्हावींत. उत्तर आलें कीं, दोन्ही पक्षांच्या संमतीवांचून असें करण्याचा लवादास अधिकार नाहीं.

आमच्या स्मृतिकारांनीं व्यवहार, म्हणजे खटला, चतुष्पाद मानला आहे. भाषा म्हणजे वादीचें निवेदन, उत्तर म्हणजे प्रतिवादीचें म्हणणें, क्रिया म्हणजे पुरावा, आणि साध्यसिद्धि म्हणजे निर्णय. सभासद कसे असावेत हें सांगतांना याज्ञवल्क्यानें, शत्रु व मित्र ह्या दोघांविषयीं ज्यांची बुद्धि सम आहे असे, ही अट घातली आहे. ह्या कसोटीवर वरील व्यवस्था घासून पाहावी. येथें मूळ वादी होण्याचा अधिकार भांडवलदाराचाच. कंपनीनें नदी नासली किंवा वचन मोडलें तर त्याच दारांतून तिच्यावर फिर्याद घेऊन जाणें नागरिकांस अशक्य, आणि सरकारला उलट दावा करूं दिला जातो तो क्वचित्. एका खटल्यांत कंपनीची वकिली करणारा गृहस्थ दुसऱ्या खटल्यांत पंच म्हणून बसल्याचीं उदाहरणें कित्येक आहेत. आणि ज्यांचें पाणी, ज्यांची जमीन, त्यांचें ‘उत्तर’ घेतलेंच जात नाहीं. खटला तीन पायांवर उभा आहे. अर्धकुक्कुटीन्याय तो हाच कीं, कायद्याचें संरक्षण पाहिजे, परंतु त्याच कायद्याची जबाबदारी नको.

माझें ह्या लेखांतील मुख्य म्हणणें एवढेंच आहे, कीं अशा करारांविरुद्ध लोक जो विरोध करतात, तो केवळ गलबला नव्हे. जो पक्ष खटल्यांत बोलावला गेला नाहीं, त्यानें रस्त्यावर दिलेला तो जबाब आहे. कोचाबांबाच्या लोकांनीं तो जबाब दिला, आणि तो दूरवर ऐकूं गेला. बेक्टेलची मुख्य कचेरी तेव्हां सॅन फ्रान्सिस्को शहरांत होती. तेथील नगरमंडळानें २००२ सालीं ठराव करून कंपनीस दावा मागें घेण्याची विनंती केली. कचेरीपुढें निदर्शनें झालीं, देशोदेशींच्या संघटनांनीं पत्रें पाठविलीं. शेवटीं जानेवारी २००६ मध्यें परदेशी भागीदारांनीं आपला हिस्सा दोन बोलिव्हियानोंना, म्हणजे सुमारे पाव डॉलरला, देऊन दावा मिटविला. पुढें २००७ सालीं बोलिव्हियानें त्या केंद्राचें सभासदत्वच सोडलें. असें करणारा तो पहिला देश. मात्र कंपनी गेली म्हणून कोचाबांबाच्या दक्षिण भागांतील गरीब वस्त्यांना लगेच पाणी मिळालें असें कोणी समजूं नये. तेथील टंचाई पुढेंही राहिली. लोकविरोधानें अन्याय टळतो. नळ जोडण्याचें काम निराळें आहे.

कोचाबांबा दूर आहे, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यानें रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर तालुका आठवावा. दाभोळच्या वीज प्रकल्पांत एन्रॉनच्या जोडीला जनरल इलेक्ट्रिक आणि हीच बेक्टेल कंपनी भागीदार होती. डिसेंबर १९९३ मध्यें महाराष्ट्र राज्य वीज मंडळानें वीजखरेदीचा करार केला. १९९५ सालीं नव्या सरकारनें तो रद्द केला, आणि १९९६ सालीं फेररचना करून पुनः मान्य केला. मध्यंतरीं स्थानिक लोकांचा विरोध चालूच होता; १९९७ सालीं वेलदूरच्या कोळी स्त्रियांना पोलिसांनीं पहांटे घरांतून धरून नेल्याची हकीकत मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीं नोंदविली आहे. १९९९ सालीं वीज सुरू झाली, तिचा भाव मंडळाला पेलेना, आणि २००१ सालीं खरेदी थांबली. त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉनचें दिवाळें वाजलें. पुढें बेक्टेल व जनरल इलेक्ट्रिक यांनीं भारतावर दावे आणले, तेही अमेरिकेच्या नव्हे, तर भारत-मॉरिशस कराराखालीं. तेथें डच घोंगडें होतें, येथें मॉरिशसचें. २००५ सालीं तडजोडी होऊन ते निकालीं निघाले. त्या वाटाघाटींत वेलदूरच्या कोळणीला कोणी कांहीं विचारलें नाहीं, हें सांगावयास नकोच.

ह्या बाबतींत लोकमत अगदींच दुबळें नाहीं, असें इतिहास सांगतो. श्रीमंत राष्ट्रांच्या एका संघटनेनें असाच एक सर्वव्यापी गुंतवणूक-करार घडविण्याचा घाट घातला होता. नागरिकांच्या विरोधामुळें फ्रान्स बाहेर पडला आणि १९९८ सालीं तो बारगळला. २०१४ सालीं युरोपियन आयोगानें अमेरिकेशीं व्हावयाच्या करारांतील ह्याच प्रकरणावर मतें मागविलीं, तेव्हां सुमारे दीड लाख उत्तरें आलीं आणि त्यांतील बहुतेक प्रतिकूल होतीं. कॅनडा व अमेरिका ह्या दोन देशांनीं तर १९९४ पासून आपसांत चालत आलेली ही तरतूद २०२० च्या नव्या करारांत चालूच ठेवली नाहीं. ही पद्धति इतकी हितकर असती, तर तिचे आद्य पुरस्कर्तेच ती एकमेकांपुरती कां सोडते?

भांडवल येणारच नाहीं, ही धमकीही तपासून घ्यावी. ब्राझीलनें १९९० च्या दशकांत अशा करारांवर सह्या केल्या, पण त्यांतील एकही पुढें मंजूर केला नाहीं. तरी तेथें परदेशी भांडवल आलेंच. मार्च २०२४ मध्यें भारतानें स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड व लिक्टेनस्टाइन ह्या चार देशांशीं करार केला. त्यांत पंधरा वर्षांत शंभर अब्ज डॉलर गुंतवणुकीचें उद्दिष्ट आहे, आणि कंपन्यांना सरकारवर लवादांत दावा लावण्याचा हक्क नाहीं.

आपल्या सरकारनें २०१५ सालीं नवा नमुना-करार तयार केला. त्याप्रमाणें परदेशी कंपनीनें प्रथम भारतीय न्यायालयांत पांच वर्षें दाद मागावी, आणि मगच लवादाकडे जावें. त्यानंतर बहुतेक जुने करार भारतानें संपुष्टांत आणले. परंतु २०२४ सालीं संयुक्त अरब अमिरातींशीं झालेल्या करारांत ही पांच वर्षांची मुदत तीन वर्षांवर आली. ही एक पायरी उतरणें आहे. पुढची पायरी कोणत्या करारांत उतरली जाईल, हें पाहणें आपलें काम आहे. कारण आपल्या घटनेप्रमाणें असा करार करण्यास संसदेची पूर्वसंमति लागत नाहीं, तो सरकारच्या सहीनें पुरा होतो, आणि त्याचा मजकूर बहुधा सही झाल्यावरच आपल्या हातीं येतो.

म्हणून वाचकांस इतकेंच सुचवावेंसें वाटतें. यापुढें एखाद्या देशाशीं मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी चालू असल्याचें वृत्तपत्रांत वाचाल, तेव्हां कोणती वस्तु स्वस्त होणार एवढ्यावरच दृष्टि थांबवूं नका. गुंतवणुकीचें प्रकरण त्यांत आहे काय, कंपनीला आपल्या सरकारवर दावा लावतां येणार काय, आणि येत असेल तर आपल्या न्यायालयांत किती वर्षें काढल्यावर, हे तीन प्रश्न आपल्या मतदारसंघांतील खासदारांस सही होण्यापूर्वीं लेखी विचारा. पत्र दोन ओळींचें असलें तरी चालेल. सही झाल्यावर पाठविलेल्या पत्राचा उपयोग फारच थोडा.