तेल हवेच, पण कामगाराच्या जिवावर नको

मेक्सिकोच्या आखातात २०१० साली तेलविहिरीचा स्फोट होऊन ११ कामगार दगावले, तेव्हा खोल समुद्रातील उत्खननावर घातलेल्या तात्पुरत्या बंदीविरुद्ध लुइझियानातून रोजगार बुडाल्याची ओरड झाली. निदान तिथे वाद तरी झाला! आपल्या मुंबई हायवर २७ जुलै २००५ रोजी, ऐन पावसाळ्यात, जखमी स्वयंपाक्याला प्लॅटफॉर्मवर आणण्याच्या धडपडीत जहाज वायुवाहक नळावर आदळले. आग भडकली, २२ जण गेले, आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म नामशेष झाला. जहाजाचे नाव होते ‘समुद्र सुरक्षा’. पुढे मे २०२१ मध्ये हवामान खात्याने तौक्ते वादळाची पूर्वसूचना दिलेली असतानाही ‘पी-३०५’ बार्ज कामगारांसह समुद्रातच राहिला आणि बुडाला. ‘वरप्रदा’ नौकेवरील मृत धरून ८० हून अधिक बळी! त्यांतही भरणा कंत्राटी कामगारांचा. तेलाच्या बाबतीत स्वावलंबन हे राष्ट्रकार्यच आहे, त्याविषयी दुमत नाही. परंतु वादळापूर्वी काम थांबवून माणसे किनाऱ्यावर आणण्याचा निर्णय कंत्राटदाराच्या हिशेबावर का सोडावा? तो सक्तीचा अधिकार शासकीय यंत्रणेने स्वतःकडे घ्यावा, आणि काम थांबलेल्या दिवसांची मजुरी कामगाराला मिळालीच पाहिजे.