कुरकुर सायकलची, बोल गिऱ्हाइकाला

नवी सायकल वाजता कामा नये. या वाक्यात वाद घालण्यासारखं काही नाही, तरीही सायकलवाल्यांच्या कुठल्याही ग्रुपवर ते म्हणून पाहा. लगेच चार जण समजूत घालायला येतील. दुकानदार सांगेल, "सर, कार्बन आहे, थोडा आवाज येणारच." ग्रुपमधले जाणते म्हणतील, "पाचशे किलोमीटर चालव, बसेल आपोआप." कुणी तुमच्या वजनावर घसरेल, कुणी पायडल मारण्याच्या ढबीवर. एक जण हमखास म्हणेल, "चेनला तेल सोड." या सगळ्या सल्ल्यांचा मथितार्थ एकच: दोष गिऱ्हाइकाचा, उपाय गिऱ्हाइकाने शोधायचा आणि तोवर गिऱ्हाइकाने कुरकुर करायची नाही. कुरकुरण्याचा हक्क फक्त सायकलला.

मला हा न्याय मंजूर नाही. दीड-दोन लाख मोजून आणलेली रोड बाईक तिसऱ्या आठवड्यात बोपदेव घाटाच्या चढावर प्रत्येक पायडलागणिक करकरायला लागते. दुकानाच्या तीन फेऱ्या होतात. दर वेळी "आता नाही येणार" म्हणून ती परत मिळते आणि पुढच्या रविवारी त्याच चढावर पुन्हा सुरू होते. हे माझ्या बाबतीत झालं आहे. दुकानाचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, कारण भांडण एका दुकानाशी नाही. भांडण "आवाज तर येणारच" या वाक्याशी आहे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे तेवढेही धड मिळत नाहीत आणि वर आपल्यालाच चिकित्सक ठरवलं जातं.

आधी आवाज म्हणजे काय ते पाहू. करकर हा कुठल्याही धातूचा किंवा कार्बनचा स्वभाव नसतो. जे दोन भाग एकमेकांना घट्ट धरून बसायला हवेत, ते जोर पडला की केसभर सरकतात, अडकतात, पुन्हा सरकतात. त्या सरकण्या-अडकण्याचा तो आवाज. जुन्या लाकडी खाटेचा सांधा ढिला झाला की कूस बदलताना ती करकरते, तसंच. तेव्हा "थोडा आवाज येणारच" याचा सरळ अर्थ "जे हलू नये ते थोडं हलणारच" असा होतो. दुकानदाराने हे दुसरं वाक्य बोलून दाखवावं आणि मग किती सायकली विकल्या जातात ते पाहावं.

हलणाऱ्या जागा काही अगणित नाहीत. सीटखालच्या पट्ट्या जिथे पकडल्या आहेत ती पकड, सीटपोस्ट, हँडल धरणारा स्टेम, पुढचा हेडसेट, पायडलचे आटे, क्रँकच्या चकतीचे बोल्ट, मागच्या डिरेलरचा हँगर, चाकांचे ॲक्सल आणि शेवटी बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा दांडा ज्यात फिरतो तो भाग. शोधायची रीतही ठरलेली आहे. सीटवरून उठून पायडल मारल्यावर आवाज थांबला तर सीट आणि सीटपोस्ट तपासा. पायडल न मारता उतारावर नुसतं चाक फिरताना आवाज आला तर चाकांकडे वळा. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला, ठरावीक जागीच आला तर पायडल, क्रँक, बॉटम ब्रॅकेट. कार्बनच्या नळ्या पोकळ असल्यामुळे आवाज एका टोकाला होतो आणि ऐकू दुसऱ्या टोकाला येतो, म्हणून एकेक जागा वगळत जावं लागतं. हे काम वेळखाऊ आहे, पण त्यात गूढ काही नाही.

यातल्या बऱ्याच जागांचं दुखणं साधं असतं. नवी सायकल दुकानात खोक्यातून येते. पुढचं चाक, हँडल, सीटपोस्ट, पायडल ही जोडणी दुकानात होते. प्रत्येक बोल्ट किती ताकदीने आवळायचा याचे आकडे कंपनी देते, कित्येकदा ते भागावरच छापलेले असतात. आट्यांना ग्रीस लावायचं, कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीसऐवजी कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट लावायची आणि टॉर्क रेंचने मोजून आवळायचं. एवढं नीट केलं तर अर्धी करकर जन्मालाच येत नाही. मग गिऱ्हाइकाने सायकल घरी नेल्यावर जे काम तीन फेऱ्यांत तुकड्या-तुकड्याने केलं जातं, ते सायकल हातात देण्याआधी एकदाच का केलं जात नाही? कारण तेव्हा तो वेळ दुकानाचा जातो, नंतर तो गिऱ्हाइकाचा जातो. मोफत सर्व्हिसिंगच्या नावाखाली आपण दुकानाचंच राहिलेलं काम करून घ्यायला खेटे घालत असतो.

आता बॉटम ब्रॅकेट. इथे प्रश्न दुकानाच्या पलीकडे, कारखान्यापर्यंत जातो. अनेक दशकं सायकलींमध्ये बीएसए मापाचा आटेवाला बॉटम ब्रॅकेट असे. हे नाव बर्मिंगहॅमच्या त्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीवरून आलं, जिचं नाव आपल्याकडे पुढे शाळकरी मुलांच्या सायकलींवर झळकलं. 1.37 इंच व्यास, इंचाला 24 आटे, आणि पायडल मारताना उजवा कप सुटू नये म्हणून त्या बाजूला उलटे आटे. कप आट्यांत फिरवून आवळला की तो चौकटीला घट्ट धरून बसतो. मापात थोडं उणं-अधिक असलं तरी आटे ते सांभाळून घेतात.

मग आला नवा विचार. कॅननडेलने 2000 साली बीबी30 आणला आणि 2006 मध्ये तो सगळ्यांना वापरायला खुला केला. त्यात आटेच नाहीत. चौकटीच्या 42 मिलिमीटरच्या भोकात बेअरिंग सरळ दाबून बसवायचं. पाठोपाठ प्लास्टिकच्या कपात बेअरिंग घालून तो कप दाबायचे प्रकार आले, कुठे 46 मिलिमीटरचं भोक, कुठे 41. या सगळ्यांना मिळून प्रेस-फिट म्हणतात. जाहिरात झाली ती वजनाची आणि ताठपणाची: दांडा जाड, वजन कमी, चौकट रुंद, ताकद वाया जात नाही. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण जाहिरातीत एक फायदा ठळक अक्षरांत आला नाही. कार्बनच्या चौकटीत आटे हवे असतील तर धातूची नळी चिकटवावी लागते आणि तिला अचूक आटे पाडावे लागतात. प्रेस-फिटमध्ये हा खर्च वाचतो.

वाचलेला खर्च कुठे गेला? तो तुमच्या-माझ्या डोक्यावर आला. दाबून बसवलेल्या बेअरिंगला आटे सांभाळून घेत नाहीत. सगळी मदार भोकाच्या मापावर, तेही मिलिमीटरच्या काही शतांश भागांपर्यंत. भोक किंचित मोठं झालं, अंडाकृती झालं किंवा डाव्या-उजव्या बाजूची भोकं एका रेषेत नसली की कप जोराखाली सरकतो आणि बोलू लागतो. त्याला ग्रीस लावून पुन्हा दाबलं की काही दिवस गप्प बसतो, कारण ग्रीसने आवाज दबतो, हलणं थांबत नाही. ते हलणं चालू राहिलं तर भोकच झिजत जातं, आणि भोक तर चौकटीचा भाग आहे. म्हणजे "बसेल आपोआप" म्हणत काढलेले महिने शेवटी सायकलच्या सगळ्यात महागड्या भागावर उठतात, तोवर वॉरंटीची मुदतही सरत आलेली असते.

इथे कुणी म्हणेल, प्रेस-फिट असलेल्या हजारो सायकली बिनआवाजाच्या चालतात. चालतात, नक्कीच. जिथे भोक मापात आणि एका रेषेत आहे तिथे प्रेस-फिटही मुकाट राहतो. माझा मुद्दा याने कमजोर होत नाही, पक्का होतो. शांत प्रेस-फिट बनवता येतो याचा अर्थ करकर ही त्या तंत्राची अटळ नियती नाही, ती कमी काळजीने केलेल्या कामाची खूण आहे.

आणि कंपन्यांचं स्वतःचं मत काय आहे ते त्यांच्या नव्या सायकलींनीच सांगितलं. स्पेशलाइज्डने 2020 मध्ये आपल्या सर्वात वरच्या टार्मॅक एसएल7 ला पुन्हा बीएसए आटे दिले. ट्रेकने त्याच सुमारास टी47 हा मोठ्या व्यासाचा आटेवाला प्रकार घेतला. ज्या कॅननडेलने बीबी30 जन्माला घातला, तिनेही 2023 च्या सुपरसिक्स इव्होवर बीएसए आटे आणले. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला "तुमचा कान फार तिखट आहे" म्हणून ऐकवलं गेलं आणि मग मुकाट्याने त्याच गिऱ्हाइकाचं म्हणणं अमलात आणलं गेलं. मधल्या काळात ज्यांनी पैसे मोजले त्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही.

याबाबत शोरूमपेक्षा रस्त्याकडेच्या मिस्त्रीचा कायदा मला जास्त सरळ वाटतो. काळ्या सायकलींच्या जमान्यात मिस्त्री ओव्हरहॉलिंग करायचा, छर्रे धुऊन ग्रीसमध्ये बसवायचा, कप आवळायचा आणि मग स्वतः एक चक्कर मारून यायचा. आवाज आला तर सायकल पुन्हा उलटी व्हायची, मालक कितीही घाईत असो. त्याच्याकडे टॉर्क रेंच नव्हता, पण कान होता आणि त्या कानाला तो जबाबदार होता. आज ज्या धंद्याचं नाव शिवीसारखं वापरून, "पंक्चरवाले" म्हणून, मुसलमान पोरांना समाजमाध्यमांवर हिणवलं जातं, त्या धंद्यात काम पुरं झाल्याशिवाय गाडी परत द्यायची नाही हा रिवाज होता. वातानुकूलित शोरूममध्ये कॉफी मिळते, रिवाज मिळत नाही.

हा रिवाज नुसत्या सौजन्याचा नाही, व्यवहाराच्या नीतीचा आहे. हदीसमध्ये बाजारातला एक प्रसंग येतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. विक्रेत्याने पावसाचं कारण दिलं. कारण खोटं नव्हतं आणि पाऊस काही त्याने पाडला नव्हता. तरीही त्याला विचारलं गेलं की मग ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नाही असं बजावलं गेलं. "कार्बन आहे, आवाज येणारच" हे त्या पावसासारखंच कारण आहे. खरं असेल, तर विकण्याआधी सांगा. बिल फाडल्यावर सांगितलेलं सत्य कामाचं नाही.

फिकहमध्ये याला ऐब म्हणतात आणि विक्रीच्या वेळी असलेला ऐब नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो. ऐब कशाला म्हणायचं याची कसोटीही व्यवहारी आहे: व्यापाऱ्यांच्या नजरेत ज्याने मालाची किंमत उतरते तो ऐब. ही कसोटी लावून पाहा. तीच करकरणारी सायकल उद्या त्याच दुकानात विकायला न्या. "आवाज येतोय, बॉटम ब्रॅकेटचं काम आहे" म्हणून दुकानदार किंमत पाडेल. विकताना जो कार्बनचा स्वभाव होता, तो विकत घेताना दोष होतो.

देशाचा कायदाही याबाबत मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर आणि विक्रेत्यावरही टाकता येते. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या मालाला जिल्हा आयोगात शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि सुरुवात 1915 या हेल्पलाइनवरूनही करता येते. पण त्यासाठी पुरावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून तोंडी बोलू नका. आवाजाचा तारखेसह व्हिडिओ ठेवा, तक्रार ईमेलने करा, प्रत्येक दुरुस्तीत नेमकं काय केलं ते जॉब कार्डवर लिहून मागा. घेण्याआधीच विचारा: बॉटम ब्रॅकेट आटेवाला की प्रेस-फिट, आणि प्रेस-फिट असेल तर आवाज आल्यास भोकाचं माप मोजून देणार का? दुकानासमोर सपाट रस्त्यावर नाही, चढावर, उभं राहून चालवून पाहा.

ग्रुपमधल्या जाणत्यांनाही एक विनंती. नवख्याला "सवय होईल" असं सांगू नका. सैल स्टेमचा पहिला इशारा आवाजच देतो. सीटपोस्टला बारीक तडा गेला तर कित्येकदा आवाजच आधी सांगतो. ज्याच्या कानाला तुम्ही करकर पचवायला शिकवाल, तो ताम्हिणीच्या उतारावर धोक्याची करकरही पचवेल. त्याला तेलाची बाटली देण्याऐवजी त्याच्याबरोबर दुकानात जा, आणि आवाज बंद झाल्याशिवाय सायकल ताब्यात घेऊ नको, असं दुकानदारादेखत सांगा.