दप्तरांची आवक-जावक

कोणत्याही कचेरीत नव्याने रुजू झालेल्या कारकुनाच्या हाती प्रथम येते ती आवक-जावक नोंदवही. कागद केव्हा आला, कोणाकडून आला आणि पुढे कोठे गेला, याची नोंद असल्याखेरीज कारभार चालत नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात उमगते. जुनी कागदपत्रे, हस्तलिखिते व छायाचित्रे यांच्या संगणकीय संग्रहांचा विषय निघाला की मात्र या साध्या शहाणपणाचा विसर पडतो. किती पाने 'स्कॅन' झाली याचे आकडे अभिमानाने सांगितले जातात. ती पाने संग्रहात कशी शिरली आणि उद्या तेथून बाहेर कशी काढता येतील, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न निकडीचा आहे. या जिल्ह्याचा वारसा मोठा, तसाच विखुरलेला. नगर शहरातील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्राची स्थापना १९६० साली झाली. मोडी कागद, हस्तलिखिते, नाणी असा ऐवज तेथे आहे. परंतु हुसेन निजामशहाच्या काळातील 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. नेवाशाचे उत्खनन हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केले. १८४२ साली नगरातच 'ज्ञानोदय' सुरू करणाऱ्या अमेरिकन मिशनच्या मूळ संस्थेची दप्तरे हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. या वस्तू परत आणणे सोपे नाही, प्रत्येक वेळी ते इष्टही नसेल. त्यांच्या प्रतिमा व वर्णने मात्र एका संग्रहातून दुसऱ्यात जाऊ शकतात. अशी देवाणघेवाण एकेका कागदाने होत नाही. ती घाऊकच व्हावी लागते.

या घाऊक आवकीची रीत समजण्यास अवघड नाही. एक तक्ता तयार करावयाचा. प्रत्येक ओळ म्हणजे एक वस्तू. प्रत्येक स्तंभ म्हणजे तिचा एक गुण: शीर्षक, कर्ता, तारीख, स्थळ, भाषा, हक्क आणि प्रतिमेच्या फाइलचे नाव. स्तंभांची नावे सर्वत्र सारखी असावीत म्हणून १९९५ साली अमेरिकेतील डब्लिन या गावी झालेल्या बैठकीतून 'डब्लिन कोअर' ही पद्धती पुढे आली. तिच्यात मूळ पंधरा घटक आहेत. २००२ साली आलेली 'डीस्पेस' किंवा २००८ मधील 'ओमेका' यांसारख्या विनामूल्य संगणक-प्रणाली असे तक्ते व प्रतिमा एका दमात आत घेतात. एक कागद पडद्यावरील चौकटी भरून चढवण्यास पाच मिनिटे धरली, तर दहा हजार कागदांना आठशेहून अधिक तास लागतील. रोज सहा तास काम करणाऱ्या एका माणसाचे हे सुमारे १३९ दिवस होत. घाऊक पद्धतीत हे श्रम बहुतांशी वाचतात. कागद वाचून त्याचे वर्णन करण्याचे श्रम मात्र वाचत नाहीत, आणि काटकसरीच्या उत्साहात नेमकी त्यांच्यावरच कात्री चालवली जाते.

तिचे परिणाम काय होतात, हे तारखेच्या स्तंभावरून दिसून येईल. नगरचा किल्ला १७५९ साली पेशव्यांच्या ताब्यात आला. त्या वर्षीच्या मराठी कागदावर 'सितैन मया व अलफ', म्हणजे शुहूर सन ११६० असे आढळेल. तेच वर्ष दख्खनी फसली गणनेने ११६९ आणि शालिवाहन शकाने १६८१. शुहूर सनात ५९९ मिळवावे लागतात, फसलीत ५९०, शकात ७८. वर्षारंभ वेगवेगळे असल्याने काही महिन्यांसाठी आणखी एक. तक्त्यात '११६०' एवढाच आकडा उतरवला आणि तो फसली समजून रूपांतर केले, तर कागद नऊ वर्षे मागे, १७५० सालात जाऊन पडतो. एका कागदाची ही चूक वाचकाच्या ध्यानात येते. एकाच सूत्राने दहा हजार कागदांची वर्षे बदलली, तर चुकीलाच प्रमाणाचे रूप येते. म्हणून मूळ कागदावरील तारीख एका स्तंभात, गणनेचे नाव दुसऱ्यात आणि इसवी सन तिसऱ्यात, अशी शिस्त हवी.

लिपीची कथाही अशीच. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खाजगी टंकांत टाइप केला जाई. त्या काळी कष्टाने केलेल्या याद्या तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटतात. रूपांतर करून, ताडून पाहिल्यावाचून त्या नव्या संग्रहात घेता येत नाहीत. मोडी लिपीला तर युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली.

स्थळाच्या स्तंभाचा प्रश्न अगदी ताजा आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. आजच्या व्यवहारात ते वापरणे ओघानेच आले. परंतु जुन्या नोंदींमधील 'अहमदनगर' हा शब्द एका आज्ञेसरशी सर्वत्र बदलणे संगणकाला क्षणाचे काम असले, तरी तसे केल्याने १८४२ सालच्या पत्रावर २०२४ सालचे नाव येईल. न बदलावे, तर आज नव्या नावाने शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो कागद सापडणार नाही. तोडगा साधा आहे: कागदावरचे नाव जसेच्या तसे राखावे आणि प्रचलित नाव शेजारच्या स्तंभात द्यावे. नावासंबंधी कोणाचे मत काहीही असो, पुराव्याच्या कागदावर त्याचा अंमल चालू नये.

इथवर आवकीचा विचार झाला. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने जावकीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. संग्रह आत घेताना प्रत्येक पुरवठादार तत्पर असतो. सगळा संग्रह, सर्व वर्णनांसह, एकत्र बाहेर काढून द्या म्हटले की अडचणी सुरू होतात. प्रतिमा मिळतात, तक्ता मिळत नाही. किंवा तक्ता मिळतो, पण कोणती ओळ कोणत्या प्रतिमेची हे कळत नाही. वर्णनावाचून दहा हजार प्रतिमा म्हणजे शिक्के पुसलेली दहा हजार नाणी. अशा वेळी संस्था जुन्याच पुरवठादाराशी बांधली जाते आणि दरवर्षी तो मागेल तो आकार भरते. शेतकऱ्याची जमीन गहाण असताना सातबारा सावकाराच्या पेटीत असावा, तशीच ही अवस्था.

यावर असे म्हटले जाते की, लहान संस्थांना हे तांत्रिक व्याप झेपणार नाहीत. सरकारने एक मध्यवर्ती संग्रह उभारून सर्वांचे कागद त्यात घालावेत. या म्हणण्यात तथ्य आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' किंवा संग्रहालयांसाठी सी-डॅकने तयार केलेली 'जतन' प्रणाली यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु मध्यवर्ती संग्रह कितीही सक्षम असला, तरी देणाऱ्या संस्थेजवळ स्वतःची पूर्ण प्रत हवीच. योजना बदलतात, निधी आटतो, संकेतस्थळांचे पत्ते बदलतात.

या जिल्ह्याला याचे उत्तर बाहेरून शिकण्याची गरज नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखाना सर्वांचा, पण प्रत्येकाची गाडी काट्यावर स्वतंत्र तोलली जाते आणि वजनाची पावती ज्याची त्याला मिळते. संग्रहालये, महाविद्यालये आणि जुनी वाचनालये यांनी तक्त्याचा नमुना, शब्दावली आणि एखादा प्रशिक्षित माणूस हे सामाईक ठेवण्यास काय हरकत आहे? घाऊक आवकीनंतर किती ओळी दिल्या, किती स्वीकारल्या, कोणत्या नाकारल्या व का, याची पावती मिळालीच पाहिजे. संपूर्ण संग्रह खुल्या स्वरूपात परत देण्याची अट करारात असावी, आणि अखेरचा हप्ता देण्यापूर्वी ती जावक एकदा प्रत्यक्ष करून, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

हा खर्च मोठा नाही. त्याला लागते ती चिकाटी आणि हिशेबीपणा. कागदाला वाळवी लागली तर ती डोळ्यांना दिसते. संगणकातील दप्तर असे डोळ्यांदेखत झिजत नाही. ते एके दिवशी उघडत नाही, एवढेच. त्या दिवशी संस्थेच्या कपाटात दुसरी प्रत आणि तिची नोंदवही असेल, तरच आज झालेल्या खर्चाला अर्थ राहील.