जाळलें म्हणजे नाहींसें झालें काय?

दिवाळीपूर्वीं कपाटें आवरतांना जुन्या सी.डी., फ्लॉपी, व्हिडिओच्या फिती व पेन ड्राइव्ह यांचा ढीग पुष्कळ घरीं निघतो. त्यांत कौटुंबिक छायाचित्रें असतात, बँकेचीं पत्रें असतात, क्वचित् दुकानाचा हिशेबहि असतो. हें सर्व परक्याच्या हातीं पडूं नये ही इच्छा रास्त आहे. परंतु तेवढ्यासाठीं हा ढीग अंगणांत पेटवून द्यावा हा विचार घातक आहे, आणि त्याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं दोन शब्द बोलणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

जळलेली वस्तु नाहींशी झाली, हा डोळ्यांचा भ्रम होय. पदार्थ नाश पावत नाहीं, रूप पालटतो, हें रसायनशास्त्राच्या आरंभींच्या धड्यांतच मुलें शिकतात. सी.डी. पॉलिकार्बोनेट नांवाच्या प्लास्टिकची असते. उघड्या आगींत तें अर्धवट जळतें व त्यांतून काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायु निघतो. तारांवरील पी.व्ही.सी.च्या वेष्टणांत क्लोरिन असतो. तें जळालें कीं हायड्रोजन क्लोराइड उत्पन्न होतो, आणि श्वासमार्गांतील ओलाव्याशीं मिळून त्याचें आम्ल बनतें. त्याच धुरांत डायॉक्सिन नामक द्रव्येंहि असूं शकतात. त्यांतील सर्वांत विषारी द्रव्य मनुष्यास कर्करोग करणारें आहे, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९७ सालीं ठरविलें.

ज्वालेपेक्षां धूर अधिक क्रूर असतो, याची साक्ष इतिहासांत आहे. १५ मे १९२९ रोजीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड क्लिनिक या रुग्णालयाच्या तळघरांत साठविलेल्या क्ष-किरणांच्या फिल्म पेटल्या. १२३ माणसें मरण पावलीं. त्यांतील बहुतेक भाजून नव्हे, तर विषारी वायूनें. त्या फिल्म नायट्रोसेल्युलोजच्या होत्या, आजच्या सी.डी.चें द्रव्य निराळें आहे, हें खरें. तथापि ज्वाला दूर आहे म्हणून आपण सुरक्षित आहों, हा समज तेव्हांहि खोटा होता व आजहि खोटाच आहे.

“एवढ्याशा शेकोटीनें काय होणार?” असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, लहान शेकोटींत उष्णता अपुरी असते आणि धूर गाळण्याची सोय मुळींच नसते. शिवाय धुरास कुंपण ठाऊक नाहीं. पलीकडील घरांत तान्हें मूल असेल, दम्याचा रोगी असेल. राष्ट्रीय हरित लवादानें डिसेंबर २०१६ मध्यें उघड्यावर कचरा जाळणारास ५,००० रुपये दंड ठरविला, तो उगीच नव्हे.

मजकूर नष्ट करण्यास अग्नीची गरजहि नाहीं. सी.डी.ची नांवाची बाजू खरवडून मग कात्रीनें तिचे तुकडे करावे. फ्लॉपीची आंतील चकती व व्हिडिओची फीत कापून टाकावी. पेन ड्राइव्ह जाड फडक्यांत गुंडाळून आंतील चिप हातोड्यानें फोडावी. हीं कामें वडील माणसांनीं डोळ्यांस चष्मा लावून करावीं, आणि उरलेला भाग ई-कचरा गोळा करणाऱ्यांच्या स्वाधीन करावा.

आपलें गुपित राखण्याचा हक्क प्रत्येकास आहे. मात्र त्यासाठीं शेजाऱ्याच्या श्वासांत विष कालविण्याचा हक्क कोणासहि नाहीं.